कापून काढलेली ताई

केंद्रावर त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. वास्तविक कात्रीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याचं सगळं काम ब्लेडवर चालायचं. पण रेडिओ केंद्राच्या कॉरिडॉरमधून खाली मान घालून चाललेल्या पापभीरू माणसाला ‘ए ब्लेड’ अशी हाक मारायला कोणाची जीभ रेटली नसावी, म्हणून कात्री. पुढे ब्लेड गेलं, टेप गेली, सगळा कारभार कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला, तरी नाव तेच राहिलं. नव्याने लागलेली मंडळी अदबीने ‘कात्रीकाका’ म्हणत. नोकरीत त्याला मिळालेली खरीखुरी बढती तेवढीच.

त्याचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. लोक माईकसमोर बसून बोलत आणि टाळ्या मिळाल्यासारखा चेहरा करून निघून जात. मग कात्रीने ती टेप घ्यायची. त्यातले खोकले काढायचे, खाकरणं काढायचं, खुर्चीची करकर, कागदांची सळसळ, नको तिथे घेतलेले श्वास काढायचे आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने अशी जोडायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कधी खोकलाच नाही. एका प्राध्यापकांच्या भाषणातून त्याने नुसते ‘म्हणजे’ काढले, तर भाषण निम्म्यावर आलं. उरलेल्या वेळात वाद्यसंगीत लावावं लागलं. प्राध्यापकांनी ते घरी बसून ऐकलं आणि बायकोला म्हणाले म्हणे, “बघ, मी किती मुद्द्याचं बोलतो. तूच मला बोलू देत नाहीस.”

असं आयुष्यभर ऐकून ऐकून कात्रीचे कान दमले होते. पाय दमले तर माणूस बसतो, डोळे दमले तर मिटतो. कान मिटता येत नाहीत. तो संध्याकाळी घरी यायचा, पण कान ड्युटीवरच असायचे. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, बाथरूमचा ठिबकणारा नळ, सगळं त्यांना ऐकू यायचं. फक्त बायको काय म्हणाली ते यायचं नाही.

“आत्ता मी बोलले त्यातलं किती कापलंत?” बायको विचारायची.

“काही नाही गं. ऐकतोय.”

“मग सांगा बघू.”

“नळाचं म्हणालीस.”

“नळाचं मी मागच्या आठवड्यात म्हणाले होते.”

आता एक गोष्ट कात्री करायचा, ती मात्र केंद्रात दुसरं कोणी करत नसे. कापलेले तुकडे इतर लोक टोपलीत टाकत. कात्रीच्याने ते टाकवत नसत. कापता कापता तो त्या पट्ट्या शिंप्याच्या मापाच्या टेपसारख्या गळ्यात अडकवायचा आणि काम संपलं, की बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरायचा. वीतभर पट्टी म्हणजे एक श्वास. डब्यावर चिठ्ठी: ‘कवी, सर्दी’, ‘मंत्री, घसा’, ‘खुर्च्या’. कोणी विचारलं, हे कशाला रे ठेवतोस, तर म्हणायचा, “अहो, एवढा छातीतून खोकलाय बिचारा. फेकायचं कसं?”

सर्वांत मोठ्या डब्यावर फक्त ‘ताई’ लिहिलं होतं.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. त्याच केंद्राची सकाळची निवेदिका. वडील लवकर गेले, आई सतत आजारी. ताईने लग्न केलं नाही, धाकट्याला शिकवलं, स्वतःच्या शब्दावर केंद्रात चिकटवलं आणि मग उभा जन्म त्याने आपला आवाज कसा कापला यावर नजर ठेवली. गावात ताईच्या आवाजावर लोक घड्याळं लावत. केंद्रात तिचं नावच ‘सकाळ’ पडलं होतं. निरोप समारंभात तिला एक लाकडी ढाल मिळाली. त्यावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं: ‘प्रदीर्घ सेवेत निवेदनात एकही चूक नाही’. ही ढाल बाहेरच्या खोलीत अशा उंचीवर लावली होती, की आलेल्या पाहुण्याने बूट काढून मान वर केली, की पहिली तीच दिसावी.

आता एकही चूक नाही हे खरं होतं आणि नव्हतंही. त्या काळी बहुतेक निवेदनं आधी रेकॉर्ड करून ठेवत. ताई अडखळायची, “पुन्हा घेते” म्हणायची आणि परत सुरू करायची. अडखळलेलं सगळं कात्रीच्या गळ्यात. ढालीवरच्या प्रत्येक पितळी अक्षरामागे त्याचं एक ब्लेड झिजलं होतं. पण घरात यावर कधी अवाक्षर निघालं नाही. घरातल्या माणसाच्या कवळीबद्दल आपण जसं बोलत नाही, तसंच.

सकाळ म्हटलं की दुपार आलीच. दुपारची निवेदिका गोरीपान, ठसठशीत, हसरी बाई होती आणि ताईचं तिच्याशी अजिबात पटत नसे. पाळी बदलताना दोघी एकमेकींना हेडफोन द्यायच्या, तो सुद्धा दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसा. दुपार म्हणायची, मी सिनियर. ताई म्हणायची, ती आधी लागली ती हंगामी म्हणून, कायम मी आधी झाले. हा वाद, तोही तिसऱ्याच्या तोंडून, निवृत्तीपर्यंत पुरला. दुपार बाई गेल्याच्या गेल्या साली वारली. कात्री तिच्या घरच्यांना भेटून आला. ताई गेली नाही. “गुडघा दुखतोय,” असं तिने पाटीवर लिहिलं.

पाटीवर, कारण तोवर ताईचा आवाज गेला होता. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याशी श्वासापुरतं एक भोक राहिलं. त्यावर ती मऊ सुती रुमाल बांधायची. लहान मुलं चित्रं काढतात तसली, खालचा दांडा सरकवला की पुसली जाणारी पाटी आणली होती, तिच्यावर ती बोलायची. शुद्धलेखन चोख. पूर्णविराम दिल्याशिवाय पाटी फिरवून दाखवायची नाही. रागावली, की अक्षर मोठं व्हायचं नाही, उलट बारीक व्हायचं. कात्रीला चष्मा शोधून आपल्यावरचा राग वाचावा लागे.

अशात केंद्राचा वर्धापनदिन आला आणि नव्या कार्यक्रमप्रमुख मॅडमनी कात्रीला बोलावलं. मॅडम उत्साही होत्या. कॉरिडॉरमधून चालत नसत, धावत. कात्रीला त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा.

“काका, मला अर्धा तास हवाय,” मॅडम म्हणाल्या. “निवेदन नाही, भाषण नाही, गाणं नाही. नुसते आवाज.”

“कसले?”

“रोजचे. आपली लिफ्ट, जिना, नळ, चहाचे कप, स्टुडिओचं जड दार. सगळ्यांचे तुकडे एकमेकांत गुंफायचे. ध्वनीचं कोलाज. प्रयोग आहे हा, काका.”

“मॅडम, नळ लोकांच्या घरी फुकट ठिबकतोय. तो ऐकायला रेडिओ कशाला लावतील?”

“घरचा नळ कोणी ऐकतं का?”

कात्रीच्या घरी हा प्रश्न जरा नाजूक होता.

“आणि जन्मभर मी हे काढत आलो,” तो म्हणाला. “आता रिटायर व्हायच्या आधी परत घालू?”

“हो,” मॅडम म्हणाल्या आणि धावत गेल्या.

मग कात्री रेकॉर्डर घेऊन केंद्रभर फिरला. लिफ्ट थांबताना पोट सुटलेल्या माणसासारखा सुस्कारा टाकायची, तो घेतला. शिपायाच्या चपलांपैकी फक्त डावी वाजायची, ती घेतली. शिपाई इतका खूश झाला, की दोन दिवस मुद्दाम डावा पाय घासत हिंडला आणि त्याची चाल बिघडली. हिशेबनिसाची जांभई घेतली. तो म्हणाला, “ही आत्ताची काही खास नव्हती, जेवणानंतर या.” कात्री कंटाळत, बसत, उठत हे सगळं गोळा करत होता.

“जुने आवाजही हवेत, काका,” मॅडमनी फर्मावलं. “सकाळच्या ताईंचा तर हवाच. अजून लोक विचारतात.”

कात्री अडगळीच्या खोलीत गेला. टेप होत्या, पण त्या काळात कोऱ्या टेप वेळेवर येत नसत. म्हणून जुन्या पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करायचं, असा वरून हुकूम होता. ज्या रिळांवर ताई असायला हवी होती, त्यांवर धान्याचे बाजारभाव होते. एकामागून एक रीळ त्याने लावलं. गहू, ज्वारी, तूर. तुरीच्या खाली ताई होती, पण ती आता कोणालाही काढता येणार नव्हती.

घरीही काही नव्हतं. रोज सकाळी रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज घरी कोण कशाला जपून ठेवेल? तो आपला उद्या आहेच.

तिथेच एका मोडक्या स्टुलावर तो बराच वेळ बसला. ताईचा आवाज ताईकडे नाही, केंद्राकडे नाही, आपल्याकडेही नाही. जगात कुठेच नाही. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आहे. बिस्किटांच्या डब्यात आहे. पण तिथे फक्त तेवढीच ताई आहे, जी तिला नको होती.

पुढचे काही दिवस कात्री केंद्रात उरलेल्या टेपच्या शेवटच्या चालू मशीनपाशी बसून पट्ट्या जोडत होता. बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती, चिकटपट्टी अंगठ्यालाच चिकटायची. ताईचा श्वास, त्याला लिफ्टचा सुस्कारा. ताईचं खाकरणं, त्यावर जिन्यातली डावी चप्पल. कागदाची सळसळ. आणि “पुन्हा घेते.” केवढ्या तऱ्हांचं “पुन्हा घेते”! चिडलेलं, घाईचं, दमलेलं, सर्दी झालेलं, एक तर अगदी लहान मुलीसारखं. शेवटी शेवटी डब्यात एक हसणं सापडलं. मोकळं, खळखळून, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुटलेलं. कात्रीला ते इतकं आवडलं, की सगळा कार्यक्रमच त्याने त्या हसण्याकडे नेऊन सोडला.

मॅडमनी ते ऐकलं. पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसून राहिल्या.

“ताईंना विचारलंत?”

“नाही अजून.”

“त्यांनी हो म्हटलं तरच लावायचं, काका. शुक्रवारी दुपारी आहे.”

रविवारी जेवणं झाल्यावर कात्रीने केंद्रातून उचलून आणलेलं ते मशीन बाहेरच्या खोलीत मांडलं. ताई ढालीखालच्या खुर्चीत बसली. बायको दाराशी हात पुसत उभी राहिली.

“वन्सं, ह्यांनी तुमच्यावर कार्यक्रम केलाय हो,” बायको कौतुकाने म्हणाली. “घरात कधी काही केलं नाही, तिकडे तरी केलं.”

पहिला श्वास वाजला आणि ताईचा हात गळ्याच्या रुमालावर गेला. खोकला वाजला, तेव्हा तिने कात्रीकडे पाहिलं. पहिलं “पुन्हा घेते” आलं, तसं तिने डोळे मिटले. बायकोने हात पुसायचे थांबवले. कात्री नुसता टेपची चाकं फिरताना बघत होता. शेवटी ते हसणं आलं, खोलीभर झालं आणि संपलं.

ताईने पाटी घेतली. अक्षर बारीक होतं. कात्रीने चष्मा लावला.

“हे टाकून द्यायचं होतं.”

“ताई, दुसरं काही नाहीये गं. सगळं पुसलं त्यांनी. हेच आहे.”

दांडा सरकला. “माझ्या चुका गावाला ऐकवणार?”

“चुका कशाला? तू आहेस ती. ते हसणं तर बघ किती...”

ताईने हात वर करून त्याला थांबवलं. खूप वेळ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी फिरवली.

“ते माझं नाही. दुपारचं आहे.”

“काहीतरीच!” कात्री म्हणाला. “तुझ्या डब्यात होतं. अगं, अख्खा जन्म मी तुझा आवाज कापलाय. मला कळत नाही का?”

ताईने लिहिलं, “नाही.” आणि पूर्णविराम दिला. मग पाटी मांडीवर उलटी ठेवली, उठली आणि आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. कडीचा आवाज चांगला होता, पण तो रेकॉर्ड करावा असं कात्रीला त्या वेळी काही वाटलं नाही.

सोमवार तसाच गेला. घरात दोन माणसं बोलत नव्हती. त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं, तरी फरक जाणवत होता. ताई पाटी खोलीबाहेर आणत नव्हती. मॅडम केंद्रात दिवसभर धावता धावता विचारत, “काय म्हणाल्या?” आणि कात्री मान हलवायचा. ताई नाही म्हणाली, तर ते रीळ परत डब्यात जाणार. डबा त्याच्या निवृत्तीनंतर अडगळीत आणि अडगळ एक दिवस टोपलीत. ताईचा एवढाही आवाज मग राहणार नव्हता. तिला ते चालणार होतं, त्याला चालत नव्हतं.

मंगळवारी सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, “अहो, एक विचारू? वन्संचं हसणं तुम्हाला खरंच ओळखता येत नाही?”

“येतं की.”

“मग सांगा, कसं हसायच्या?”

कात्रीने कप खाली ठेवला. कानांना हुकूम सोडला. ताईचं ओरडणं आलं, लगेच आलं. ताईचं शाळेत सोडतानाचं बोलणं आलं. ती स्टोव्ह पेटवता पेटवता बातम्यांची उजळणी करायची, ते आलं. आजारी आईला ती रात्रभर काहीबाही वाचून दाखवायची, ते दारापलीकडून ऐकलेलं आलं. हसणं आलं नाही.

“ती हसायची नाही,” तो म्हणाला.

“हसायच्या हो,” बायको म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा मोरीत आम्ही दोघी कपडे धुताना किती हसलोय! तुमच्यावरच. तुम्ही कामावर असायचात.”

कात्रीला एकदम खूप थकल्यासारखं झालं. रजेचा अर्ज टाकावा असं वाटलं. पण मॅडमचं तोंड आठवून तो केंद्रात गेला आणि ताईचा डबा पहिल्यापासून पुन्हा ऐकायला बसला. आता तो फक्त हसणं शोधत होता. श्वास, खोकले, “पुन्हा घेते”, श्वास. हसणं नव्हतंच. मात्र डब्याच्या तळाशी एक पट्टी निघाली. तिच्यावर त्याची पांढऱ्या पेन्सिलीची खूण तशीच होती. ती लावली, तर ताईचा तरुण आवाज आला: “आमची सकाळची सभा इथे संपली. शुभ रात्री.”

दुसऱ्या दिवसासाठी रेकॉर्ड केलेलं सकाळच्या प्रसारणाचं निवेदन, आणि भर बारा वाजता शुभ रात्री. मागून कोणीतरी दार ढकलल्याचा आवाज, आणि तिथेच पट्टी संपली होती. कापलेलं टोक तिरपं होतं. कात्रीने उठून ती हसण्याची पट्टी आणली. तिचंही टोक तिरपं होतं. एकमेकांना लावली, तर बसली. फाटलेली चादर जुळवावी तशी.

एक पट्टी ताईची म्हणून गळ्यात उजवीकडे, दुसरी दुपारची म्हणून डावीकडे अडकवली असणार. नंतर डब्यांत भरताना गळ्यातच गुंता झाला असणार. इतकं साधं होतं. आणि हेच हसणं त्याने ताईचं म्हणून गावाला ऐकवायला काढलं होतं.

संध्याकाळी त्याने ताईच्या दारावर टकटक केलं.

“ताई, तुझं बरोबर होतं. ते दुपारचं आहे. माझं चुकलं. पण हे ऐक आधी.”

ताईने दार उघडलं. कात्रीने मशीन तिच्या पलंगाजवळच ठेवलं. “शुभ रात्री.” दार. हसणं.

ताईने पाटी घेतली आणि ती लिहीत गेली. पाटी भरली, की ती फिरवायची, त्याने वाचलं, की दांडा सरकवायची. कात्री चष्मा सावरत वाचत होता.

“आई तेव्हा फार आजारी होती. चार रात्री झोपले नव्हते.”

“शुभ रात्री कधी म्हणाले, मला कळलंच नाही. ती दार उघडून आत येत होती.”

“ती हसली. मग कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. सकाळला झोप येतेय म्हणाली. सगळे हसले.”

“त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही.”

“बस, एवढ्यावरून?” कात्रीच्या तोंडून निघून गेलं. “इतकी वर्षं?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. अक्षर बारीक झालं. “आई त्याच दिवशी संध्याकाळी गेली.”

आई गेली ती संध्याकाळ कात्रीला आठवत होती. तो तेव्हा केंद्रात नवा लागला होता आणि ड्युटीवर होता. कोणीतरी निरोप आणला. त्या दुपारी त्याने ताईचं ‘शुभ रात्री’ कापलं होतं, तेव्हा त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. खूण केली आणि ब्लेड ओढलं.

बायको चहा घेऊन आली. दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता कप ठेवून पलंगाच्या कडेला बसली.

ताईने पुन्हा पाटी घेतली.

“तिला काय माहीत, घरी काय चाललंय.”

पुसलं.

“आणि बारा वाजता शुभ रात्री. हसण्यासारखंच होतं.”

“वन्सं, होतंच हो,” बायको डोळे पुसत म्हणाली. “मी असते तर मीही हसले असते.”

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा गप्प झाली. मग ताई जरा सरसावून बसली आणि पाटीवर कामाचं बोलायला लागली. या बाबतीत ती अजून निवेदिकाच होती. लावायचं असेल तर हसणं एकटं लावू नये. आधी ‘शुभ रात्री’ पाहिजे. दुपारचं हसणं दुपारच्याच नावावर पाहिजे. शेवटी दोघींची नावं घ्यावीत.

“तुझं आधी ना?” कात्रीने विचारलं.

ताई थांबली. दांडा अर्धवट सरकवला, पुन्हा मागे घेतला.

“तिचं आधी. हंगामी का होईना, आधी लागली होती.”

“म्हणजे हो म्हणतेस?”

“मी नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का?”

“असतं,” कात्री म्हणाला.

ताईने त्याचा चेहरा नीट पाहिला. मग लिहिलं, “हो. पण त्या ढालीचं काय करायचं ते तू बघ.”

“राहू दे की भिंतीवर,” बायको म्हणाली. “मागे भिंतीचा रंग उडालाय.”

बुधवारी कात्रीने जोडणी केली. ‘शुभ रात्री’ आणि हसणं यांच्यामध्ये त्याने अदबीने थोडी जागा सोडली होती. ताईला ऐकवलं, तेव्हा तिने पलंगाच्या काठावर बोट आपटून ती जागा दाखवली आणि लिहिलं, “लगेच हसली होती.” त्याने जागा काढली. गुरुवारी मॅडमनी ऐकलं आणि त्या नाव कोणाचं आधी हे विचारायचंही विसरल्या. नंतर धावत परत आल्या आणि विचारलं.

शुक्रवारी कात्रीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी ऊन खोलीत टेबलापर्यंत आलं होतं. ताईने रेडिओ स्वतः लावला. आवाज मोठा केला. बायकोने शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे भिंतीपलीकडेही तोच कार्यक्रम जरा मागेपुढे ऐकू येत होता. कात्रीला हे असह्य व्हायला हवं होतं. पण तो इतका दमला होता, की काही म्हणाला नाही.

लिफ्ट आली. शिपायाची चप्पल आली. हिशेबनिसाची जांभई, जेवणानंतरची, आली आणि तिच्यामागून खोलीत बायकोलाही जांभई आली. ताईचे श्वास आले, खोकले आले, सगळी “पुन्हा घेते” आली. ताई हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मग तरुण ताई म्हणाली, “आमची सकाळची सभा इथे संपली. शुभ रात्री.” दार वाजलं. दुपार हसली.

आणि खोलीत अगदी बारीक, अगदी कोरडा असा आवाज झाला. सायकलच्या ट्यूबमधून थोडी हवा सोडावी तसा. कात्रीने वळून पाहिलं. ताईचे खांदे हलत होते. डोळे मिटले होते, गळ्याचा रुमाल फुलत होता आणि बसत होता. तोंडाने काही येत नव्हतं. जे काय होतं, ते रुमालाखालून येत होतं. बायकोने ताईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मोरीत हसायची तशीच असणार.

कात्रीच्या बॅगेत रेकॉर्डर होता. बॅग खुंटीला होती. तो उठला नाही.

आता हे हसणं त्याला ओळखता आलं असतं. कुठल्याही डब्यातून निघालं तरी आलं असतं.

रेडिओवर दोन नावं आली. दुपारचं आधी, ताईचं नंतर. नवीन निवेदिकेने दोन्ही एका दमात उरकली. ताईच्या कपाळाला आठी पडली. तिने डोळे पुसले, रुमाल नीट केला आणि पाटी घेतली. कात्रीने चष्मा लावला. अक्षर नेहमीएवढंच होतं.

“नावं फार घाईत घेतली. आणि मधला लिफ्टचा भाग लांबलाय.”

“तिथे मी दमलो होतो गं,” कात्री म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे खोल गेले होते, चष्मा नाकावर कलला होता. तिने दांडा सरकवला.

“दिसतंय. पड जरा.”

बायकोने टेबलावरचे कप उचलले. ताईने उठून रेडिओचा आवाज कमी केला, मग बंदच केला. भिंतीपलीकडचाही बंद झाला. कात्री खुर्चीतच मान टाकून झोपला. बाथरूमचा नळ ठिबकत होता आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो त्याला ऐकू आला नाही.